राहिलेलं बोलणं

मालन पिशवी घेऊन दारात उभी होती. पायात चपला घालून झाल्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करून झाला होता, तरी ती उंबरा काही ओलांडत नव्हती.

"अहो, येतो हं."

आतून उत्तर आलं नाही.

"येतो म्हटलं. मंडई उठायच्या आत बोला, म्हंजे झालं."

आत स्वयंपाकघरात विलास खोचरे ओट्यापाशी घाईघाईने फोनचा चार्जर उपसत होते. उपसला, आणि फोनच्या त्याच भोकात त्यांनी आपल्या गळ्यातल्या पट्टीची बारीक वायर खोचली. फोनने पट्टीला आधी न्याहाळलं, मग ओळखलं, मग किती वीज हवी ते विचारून घेतलं आणि एकदाची ती द्यायला सुरुवात केली. लगेच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात घरातून घोषणा झाली:

"ये!"

समोरच्या कट्ट्यावरचं मांजर उडी मारून पळालं. मालन हसली आणि पायरी उतरली.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे घरोघरी पाळतात. गडहिंग्लजच्या खोचऱ्यांकडे त्याच्यापुढे आणखी एक नियम होता. बाहेर पडणाऱ्याने 'येतो' म्हटलं की घरातल्याने 'ये' म्हणायचं, आणि ते कानावर पडेपर्यंत निघणाऱ्याने पाऊल उचलायचं नाही. हा नियम विलासरावांच्या आईचा. सासू गेली, पण नियम मालनने सोडला नाही. नवरा न्हाणीघरात असो, दाढी करत असो, भांडून तोंड फिरवून बसलेला असो, त्याचं 'ये' घेतल्याशिवाय ती कुठे गेली नाही. भांडणाच्या दिवशी तर ती मुद्दाम दोनदा बाहेर पडायची.

मग विलासरावांचा आवाज गेला. एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा देण्यात सगळी नोकरी गेली, आणि घोषणांच्या मधल्या वेळात दाढेखाली तंबाखू. निवृत्त झाल्यावर घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, वर किरणं दिली. जीव वाचला. घर मात्र मुकं झालं. मालन 'येतो' म्हणायची तेव्हा ते वाटीवर चमचा वाजवायचे. ती जायची, पण नाराज होऊन.

"वाटीचं 'ये' खरं न्हवं," ती म्हणायची.

कंठपट्टी आली ती त्यानंतर. कोल्हापूरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने ती त्यांच्या मानेवर बसवली आणि समजावून सांगितलं, "काका, तुमचं स्वरयंत्र गेलंय, पण बोलायची आज्ञा मेंदूकडून मानेपर्यंत अजून येते. तुम्ही ओठ हलवून बोलल्यासारखं केलंत की गळ्याचे स्नायू हलतात. पट्टी ते वाचते, तुमचा फोन त्याचे शब्द जुळवतो आणि पट्टीतला स्पीकर ते बोलून दाखवतो."

"आणि हिची बॅटरी?" केतकीने विचारलं होतं. केतकी त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला.

"बॅटरी नाही. किरणं दिलेल्या कातडीला तिची उष्णता सोसत नाही. म्हणून बोलायला लागणारी वीज फोनमधून घ्यायची. याच फोनमधून, कारण यांचा आवाज आता या फोनमध्ये बसवलाय."

पट्टीला वीज मिळाली, पण घरात नवीन कटकट सुरू झाली. फोनला भोक एकच. त्यातून तो वीज घेईल किंवा देईल, दोन्ही एकदम नाही. विलासराव बोलत असले की फोन उतरत जायचा, आणि फोन चार्जिंगला लावला की विलासराव मुके. त्यातून फोनचा बाणा म्हणजे आधी पोटोबा, मग विठोबा. चार्जिंग फार खाली गेलं की तो स्वतःपुरतं राखून ठेवायचा आणि पट्टीला सरळ नाही म्हणायचा. केतकीने दोन तोंडांचा एक जोड आणून पाहिला, तर फोनने त्याला ओळखच दाखवली नाही.

"मेल्याला तोंड एकच, आणि त्यातनंच खानार, त्यातनंच वाढनार," मालन म्हणाली. पण फोन जपायची ती डोळ्यात तेल घालून. नवऱ्याचा आवाज त्यात होता.

त्या आवाजाची एक वेगळीच तऱ्हा होती. फोनमध्ये आवाज बसवायला जुनं रेकॉर्डिंग लागतं. घरात शोधाशोध केली, तर प्रत्येक व्हिडिओत बायको होती, मुलगी होती, पाहुणे होते. विलासराव कॅमेरा धरून मुकाट उभे. शेवटी स्टँडवरच्या जुन्या सहकाऱ्याकडे त्यांच्या घोषणा सापडल्या. 'गडहिंग्लजहून आजऱ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे' आणि 'प्रवाशांनी घाई करू नये.' या आवाजावरून फोन जे शिकला तेच बोलू लागला. आवाज अगदी विलासरावांचा, पण प्रत्येक वाक्य कर्ण्यातून आल्यासारखं. आमटीत मीठ कमी आहे हे ते सांगायचे, तेव्हा नेसरी गाडी रद्द झाल्यासारखं वाटायचं.

एकदा मालन लग्नाला निघाली होती, अंजिरी रंगाची साडी नेसून. विलासरावांनी वायर खोचली, घसा खाकरायची जुनी सवय म्हणून मान हलवली, आणि घोषणा झाली: "मालन, ही साडी तुला शोभून दिसते."

मालन हसत खालीच बसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "आणि फलाट कितवा वं?" तिने विचारलं.

तेही हसले. पण त्यानंतर तसलं काही ते मोठ्याने बोलले नाहीत.

मोठ्याने नाही, याचा अर्थ बोललेच नाहीत असा नव्हे. पट्टीची एक खोड होती. बोलायला तिला फोनची वीज लागायची, पण स्नायू काय म्हणाले ते टिपून ठेवायला गळ्याची ऊबच पुरायची. फोन चार्जिंगला असताना माणूस ओठांतल्या ओठांत जे म्हणेल ते सगळं ती साठवून ठेवायची, आणि वीज मिळाली की आलेल्या क्रमाने एकेक बोलून टाकायची. त्याला पट्टीच्या माहितीपत्रात 'राहिलेलं बोलणं' असं नाव होतं. आधी राहिलेलं, मग नवं. मधे घुसता यायचं नाही. नको असेल तर पट्टीवर अंगठा दाबून धरायचा, म्हणजे राहिलेलं सगळं पुसून जायचं.

ही खोड त्यांना पहिल्यांदा कळली ती मालनच्या थोरल्या बहिणीमुळे. शेवंताक्का नेसरीहून आली होती आणि दुपारभर बोलत होती. फोन चार्जिंगला होता. चहाच्या वेळी मालनने कौतुकाने तो आणून नवऱ्याला जोडून दिला, 'बोला की आक्कासंगं' म्हणून. आणि पट्टीने भर सोप्यात घोषणा केली, "ही बया उठणार तरी कधी? हिला शेवटची गाडी सांगा." आक्का दिवाळीपर्यंत बोलली नाही. मालन मात्र दिवाळीपर्यंत हसत होती.

तेव्हापासून विलासराव सावध झाले. दुपारी फोन भिंतीला लागलेला असायचा, मालन चटईवर पडून डुलकी काढत असायची, तेव्हा ते तिच्याकडे बघत ओठांतल्या ओठांत पुष्कळ काही म्हणायचे. कर्ण्याच्या आवाजात जे शोभलं नसतं ते सगळं. ती जागी व्हायच्या आत पट्टीवर अंगठा दाबायचे आणि पुसून टाकायचे. अशा किती दुपारी पुसल्या गेल्या ते त्यांनाच ठाऊक.

पुढे मालनला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग अंगण झाडताना, मग नुसती बसली तरी. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झाली होती, ती बदलायला हवी होती. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात दिवस ठरला. केतकी पुण्याहून आली.

ऑपरेशनच्या सकाळी मालन खाटेवर बसून होती, हिरवा गाऊन घालून. बांगड्या उतरवलेल्या, चष्मा काढून केतकीच्या पर्समध्ये ठेवलेला. चष्म्याशिवाय तिला हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धुरकट दिसायचं. विलासराव शेजारी स्टुलावर होते. फोन रात्रभर चार्ज करून आणलेला, शर्टाच्या खिशात, वायर गळ्यापाशी.

आणि फोन यायला लागले. आपल्या माणसांची ही रीतच आहे. ऑपरेशनच्या दिवशी येता येत नसेल तर तोंड तरी बघायचं. खोचऱ्यांच्या घरचा नंबर म्हणून साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होता तो विलासरावांचा. पहिली शेवंताक्का, व्हिडिओवर, रडतच. मग आजऱ्याचे मामा. मग गल्लीतल्या बायका एका फोनपुढे गर्दी करून. प्रत्येकाला मालन दाखवायची, मग 'डॉक्टर काय म्हंत्यात' याचं उत्तर विलासरावांनी द्यायचं. स्टँडवर घोषणांबरोबर चौकशीची खिडकीही त्यांच्याकडे असायची. विचारणाऱ्याला उत्तर न देता खिडकी बंद करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"बाबा, पुरे करा. माझ्या फोनवरून सांगते मी सगळ्यांना," केतकी म्हणाली.

"एवढा निपाणीचा घेतो," पट्टी म्हणाली, "मग बंद."

निपाणीनंतर संकेश्वरचा आला. शेवटी फोनने लाल खूण दाखवली. विलासराव काही बोलायला गेले तर ओठ हलले आणि आवाज आला नाही. फोनने हात आखडता घेतला होता.

मालनने ते पाहिलं. "बघा, संपवलासा का न्हाई! द्या हिकडं." तिने स्वतःच त्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला, वायर उपसली आणि खाटेमागच्या भिंतीत केतकीचा चार्जर होता त्याला फोन लावला. "माझा नंबर दुपारी हाय म्हंत्यात. तोवर हूईल चार्ज. मला आत नेताना तुमचं 'ये' पायजे, वाटी-बिटी वाजवायची न्हाई."

विलासरावांनी मान डोलावली. तिचा हात हातात घेतला. केतकी औषधांच्या खिडकीकडे गेली आणि ती दोघंच राहिली. मालन डोळे मिटून पडली. ते तिच्याकडे बघत ओठांतल्या ओठांत बोलत राहिले, घरी दुपारी बोलायचे तसे.

केतकी परत आली तेव्हा खाटेपाशी गडबड होती. आधीच्या रुग्णाला ताप भरल्यामुळे त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं आणि मालनला आत्ताच न्यायचं होतं. दवाखान्यातल्या दोन मावशी तिला चाकांच्या ढकलखाटेवर घेत होत्या. विलासराव भिंतीला भिडले होते. चार्जर निघाला, पण वायर भोकात जात नव्हती. ढकलखाट दाराबाहेर पडली. ते फोन हातात धरून मागे धावले.

ऑपरेशनच्या खोलीपर्यंत लांब बोळ होता. केतकी आईबरोबर चालत होती, विलासराव मागे. चालताचालता वायर बसली. फोनने पट्टीला न्याहाळलं. 'या उपकरणाला वीज द्यायची का?' असं विचारलं. त्यांनी हो म्हटलं. चार्जिंग थोडंच झालेलं. फोन विचारात पडल्यासारखा थांबला.

दोन फळ्यांचं दार उघडलं. मालनने झोपल्या जागेवरून हात लांब करून दाराची कड धरली.

"अहो, येतो हं," ती म्हणाली.

मावशीने तिचा हात सोडवायला घेतला. "चला काकू, डॉक्टर वाट बघतायत."

"थांबा वो. ते 'ये' म्हंतील, मग न्या."

तिने मान वळवली होती, पण चष्मा नव्हता. नवऱ्याचे ओठ 'ये, ये' म्हणत होते ते तिला दिसणं शक्य नव्हतं. आणि त्याच वेळी फोनने वीज सोडली.

पट्टी बोलायला लागली, पण 'ये' म्हणाली नाही. तिच्याकडे राहिलेलं बोलणं होतं, खाटेशेजारचं. ते आधी.

"घाबरू नको, मालन," कर्ण्याच्या आवाजात घोषणा झाली. बोळातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

विलासरावांचा अंगठा पट्टीकडे गेला. दाबून धरला असता तर पुढचं सगळं पुसलं गेलं असतं आणि 'ये' लगेच म्हणता आलं असतं. अंगठा पट्टीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षं ते हेच पुसत आले होते.

"हात किती गार पडलाय तुझा."

दाराच्या कडेवरची मालनची मूठ सुटली. तिने सोडली की मावशीने सोडवली, हे शेजारी उभ्या असलेल्या केतकीलाही नीट कळलं नाही. ढकलखाट आत सरकली.

"त्या साडीचं मी खरंच बोललो होतो. तू हसलीस."

दाराच्या फळ्या मिटत आल्या.

"तुझ्याबिगर मला घरात बसवायचं न्हाई. लवकर बरी हो."

दार मिटलं. वरचा लाल दिवा लागला.

"ये!" पट्टी म्हणाली. मग पुन्हा, "ये!" जेवढ्या वेळा ते म्हणाले होते तेवढ्या वेळा, बंद दारासमोर, स्टँडभर ऐकू जावं तसं. आणि फोन संपला.

मालनची झडप बदलली गेली, पण हृदय पुन्हा चालू झालं नाही. डॉक्टर बाहेर येऊन जे सांगायचं ते हळू आवाजात सांगून गेले. विलासराव रडले ते बिनआवाजाचं. केतकीने मागाहून त्या मावशीला गाठून विचारलं, "मावशी, आईला ऐकू गेलं का हो? शेवटचं, 'ये' म्हणाले ते?"

मावशीने आठवून पाहिलं. "दाराचा आवाज झाला बघा, ताई. काकू हसल्यागत वाटल्या. पर कशाला हसल्या, काय सांगू?"

दिवस झाले. पाहुणे आले आणि गेले. शेवंताक्का तर जायलाच तयार नव्हती, आणि या खेपेला तिने जाऊ नये असंच घरात वाटत होतं. या सगळ्या दिवसांत विलासराव एक शब्द बोलले नाहीत. फोन ओट्यावर पूर्ण चार्ज होऊन पडलेला, वायर त्यांच्या गळ्यात नुसती लोंबणारी. धक्क्याने मन मिटलं असेल, असं लोक म्हणाले.

केतकीलाही आधी तसंच वाटलं. मग एका दुपारी तिने बापाला चटईपाशी बसलेलं पाहिलं. चटई रिकामी होती. विलासरावांचे ओठ हलत होते, सारखे हलत होते, आणि पट्टीखालचे स्नायू त्यांच्याबरोबर. ती दारातच थांबली. सकाळी देवापुढे, जेवताना, अंगणात, सगळीकडे तिने मग लक्ष ठेवलं. बाबा दिवसभर बोलत होते. अंगठा मात्र पट्टीकडे एकदाही जात नव्हता.

कोल्हापूरच्या त्या मिटलेल्या दारापासून आतापर्यंतचं सगळं त्या पट्टीत रांग लावून उभं होतं. फोन जोडला की ते सगळ्यांपुढे बाहेर पडलं असतं, म्हणून ते जोडत नव्हते. आणि पुसून टाकायचं त्यांना आता जमत नव्हतं. या माणसाने आता जन्मभर असंच राहायचं का?

सुट्टी संपली. निघायच्या सकाळी केतकी बॅग घेऊन दारात उभी राहिली. पायात चपला घातल्या.

"येतो हं, बाबा."

विलासराव सोप्यात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या ओट्यावरच्या फोनकडे. त्यांचा गोंधळ उडाला. पोरगी दारात होती. तिला 'ये' द्यायला हवं होतं. वाटीवरचं द्यायचं नव्हतं. आणि तिच्या 'ये'च्या पुढे केवढी मोठी रांग होती.

त्यांनी आत जाऊन फोन आणला. दुसरा हात गळ्याकडे गेला. अंगठा पट्टीवर टेकला.

"पुसू नका," केतकी म्हणाली.

त्यांनी अंगठा तसाच ठेवून फोनच्या हाताने घड्याळाकडे खूण केली, मग रस्त्याकडे. गाडीची वेळ झाली होती.

"जाऊ दे ती गाडी. तुमच्या स्टँडवर गाड्यांना काय तोटा आहे?" तिने बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. "माझं 'ये' शेवटी असू दे. आधी आईचं सगळं होऊ दे. मी बसते."

विलासरावांनी घड्याळाकडे पाठ केली. मग त्यांनी अंगठा काढला आणि वायर भोकात खोचली. फोनने पट्टीला न्याहाळलं, ओळखलं, किती वीज हवी ते विचारलं आणि द्यायला सुरुवात केली.

रस्त्यावरचा भाजीवाला गाडा ढकलायचा थांबला. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडली. खोचऱ्यांच्या सोप्यातून, चंदगडची गाडी लागल्याचं सांगावं तशा खणखणीत आवाजात, राहिलेल्या बोलण्यातलं पहिलं वाक्य बाहेर पडलं:

"मालन, माझं 'ये' तुझ्यापत्तर पोचलं का गं?"